हंपीचा पीलखाना: अकरा दालनं आणि शेजारची देवडी

हंपीत बहुतेकांची गाडी विठ्ठल मंदिराच्या दगडी रथापाशी जाते आणि ऊन चढलं की परतीला लागते. राजवाड्याच्या भागाला उरलेला तासभर मिळतो. आमचं सांगणं उलट आहे: सकाळ देवळांना द्या आणि दुपारी तीननंतर पीलखान्याकडे, म्हणजे हत्तींच्या तबेल्याकडे, या. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत सपाट दिसतो. दुपार कलली की ऊन थेट कमानींत शिरतं आणि एकात एक बसवलेल्या कमानींच्या कडा एकेक करून सुट्या दिसू लागतात.

कोल्हापूर-मिरजेकडून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट होस्पेटला येते. तिथून हंपी बारा-तेरा किलोमीटर. कमलापूरच्या बाजूने आलात तर राजवाड्याचा भाग आधी लागतो. लोटस महालाचं तिकीट जपून ठेवा. त्याच दिवशी ते विठ्ठल मंदिरालाही चालतं.

लोटस महाल जनानखान्याच्या कोटात आहे. कोटाच्या पूर्वेकडच्या लहान दारातून बाहेर पडलं की मोठं मोकळं मैदान, आणि समोर अकरा दालनांची लांब रांग. मधल्या दालनावर चौकोनी बुरूजवजा मजला आहे, त्याचा माथा ढासळलेला. मिरवणुकीच्या वेळी वाजंत्री तिथे बसत असावेत असं मानतात. त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच घुमट. काही गोल गुळगुळीत, काहींवर पाकळ्यांसारख्या धारा. नुसतं पाहिलं तर सरमिसळ वाटते. मधल्या मजल्यासमोर उभं राहून डावीकडचा पहिला आणि उजवीकडचा पहिला, मग दुसरा आणि दुसरा असे जोडीने मोजत जा. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळतात.

विजयनगरच्या गवंड्यांचा हात ग्रॅनाइटच्या खांब-तुळयांत बसलेला होता. मग इथे कमान का? दगडी तुळईवर भार पडला की तिची खालची बाजू ताणली जाते, आणि दगड ताण फार सोसत नाही. म्हणून देवळांच्या मंडपात खांब इतके दाट असतात. हत्तीच्या वाटेत मध्ये खांब चालत नाही. कमानीत दगड-विटा एकमेकांवर दाबल्या जातात, भार कडेच्या भिंतींत उतरतो आणि दार रुंद व उंच करता येतं. ही रीत बहमनी सुलतानांच्या मुलखातून आली. दख्खनमधल्या सत्ता आपसात लढत होत्या तेव्हाही कारागिरी सरहद्द ओलांडत होती, याचा इतका ढळढळीत पुरावा आम्हाला क्वचितच दिसतो.

आत जाऊन मान वर करा. खाली खोली चौकोनी, वर घुमट गोल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरक्या कमानी टाकून आधी अष्टकोन केला, की गोलाकार कड त्यावर टेकवता येते. हे कोपरे निवांत पाहावेत, कारण प्रत्येक दालनाचं छत वेगळ्या तऱ्हेने सजवलंय. छताच्या मध्याशी कडी दिसते. हत्तीचे साखळदंड तिथे अडकवत, असं सांगतात. मागच्या भिंतीतली लहान दारं माहुतांसाठी. समोर हत्ती उभा असताना चारा-पाण्याला त्याच्या पायांतून वाट काढणं धोक्याचं, म्हणून ही मागची सोय. बहुतेक लोक समोरून फोटो काढून निघतात. मागे वळसा घातल्याशिवाय ही इमारत कळत नाही.

मैदानाच्या उत्तरेला, पीलखान्याशी काटकोनात, दक्षिणेकडे तोंड केलेली दुसरी इमारत आहे. उंच जोतं, पुढे कमानींची ओवरी. तिला पहारेकऱ्यांची देवडी म्हणतात. तिची ऐसपैस ओवरी पाहता केवळ पहाऱ्यासाठी एवढा खर्च केला असेल असं आम्हाला वाटत नाही. मैदानावरचे खेळ आणि कवायती पाहायला ही जागा जास्त शोभते. पीलखाना, लोटस महाल ही नावंही नंतरच्या काळात पडलेली आहेत.

घोड्यांचा हिशेब मात्र कागदावर आहे. पोर्तुगीज व्यापारी फेर्नाव नुनिश लिहितो की राजा दरवर्षी तेरा हजार घोडे विकत घेई. इराणच्या आखातातल्या होर्मुझकडून समुद्रमार्गे येणाऱ्या या व्यापारावर पोर्तुगिजांचा डोळा होता, आणि 1510 मध्ये गोवा हाती आल्यावर त्याची मोठी नाडी त्यांच्याकडे गेली. पण तेवढ्या घोड्यांच्या पागांपैकी अशी एकही सलग इमारत आज डोळ्यांसमोर उभी नाही. 1565 च्या तालिकोटच्या लढाईतल्या पराभवानंतर विजयनगरची ही राजधानी लुटली, जाळली गेली. लाकडी राजवाड्यांची फक्त दगडी जोती उरली. पीलखान्याच्या छताला लाकडाचा आधारच नव्हता, जळण्यासारखं काही नव्हतं.

आग टळली तरी पाणी टळत नाही. घुमटावरच्या चुन्याच्या गिलाव्याला केसासारखी भेग पडली की पाऊस मुरतो, पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी रुजतं, मूळ जाड होत सांधा उकलतं. अशा भेगा सिमेंटने बुजवणं हा सगळ्यात वाईट उपाय. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवून धरतं; अडलेल्या ओलीतले क्षार साकळतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. पाहताना रांगेच्या दोन्ही टोकांच्या भिंतींकडे लक्ष द्या. मधल्या घुमटांचा बाहेरचा रेटा शेजारचा घुमट पेलतो. टोकाच्या घुमटाला एका अंगाला शेजारी नसतो.

भिंतींना हात लावू नका, कडेवर चढू नका. घामट हाताने गिलावा काळवंडतो. सूर्य कलला की देवडीच्या ओवरीसमोर या; तिथून अकराही कमानी एका नजरेत मावतात.