फुकटचा एसएमपीएस बंद केला त्याची गोष्ट

गोव्यातल्या डिचोलीत आमचं कॉम्प्युटरचं दुकान 2009 मध्ये सुरू झालं. दुकान कसलं, भावोजींच्या स्टेशनरीमागची खोली. एक टेबल, एक मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, आणि हिशेबाला बायको. तेव्हा लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या. ट्रकवाले पोरांसाठी कॉम्प्युटर घ्यायचे आणि भाव फारसा करायचे नाहीत. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न बदलला: "सगळ्यात स्वस्त केवढ्याला बसेल?"

स्वस्तात बसवायचं तर प्रोसेसर कापता येत नाही, रॅम कापता येत नाही. कापला जातो तो एसएमपीएस, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा, कारण तो कुणाला दिसत नाही. बाराशे रुपयांच्या कॅबिनेटमध्ये तो बसवूनच यायचा, वर ठळक "450 वॅट". आम्हीही तसेच विकले. खोटं कशाला बोलू, त्यातच चार पैसे सुटायचे.

मग एका जूनमध्ये पहिल्याच पावसात झाडाची फांदी तारांवर आली आणि पाच मिनिटांत तीनदा वीज गेली-आली. लग्नपत्रिका आणि जत्रेतल्या नाटकांचे फलक करणारा आमचा एक जुना गिऱ्हाईक कॅबिनेट खांद्यावर घेऊनच आला. एसएमपीएस फुटला होता आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला होता. तो भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "कॉम्प्युटर नवा येईल रे, चार वर्षांच्या पत्रिका कुठून आणू?"

रात्री तो डबा उघडला. जिथे विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरची कॉइल असायला हवी तिथे नुसती तार जोडलेली. व्होल्टेजचा अचानक झटका अडवणाऱ्या व्हॅरिस्टरची जागा छापलेली, पण रिकामी. आउटपुटचं व्होल्टेज चढलं तर बंद पाडणारं सर्किट कुठेच नाही. आणि बाजूच्या लेबलवर, जे मी इतकी वर्षं वाचलंच नव्हतं, 12 व्होल्टला 14 अँपिअर. गुणाकार करा: 168 वॅट. उरलेले वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या नावावर मांडलेले. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं 12 व्होल्टवरूनच ओढतात.

ते 14 अँपिअर तरी खरे आहेत का, हे बघायला शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडीच्या हेडलाइटचे 55 वॅटचे तीन बल्ब आणले. तीन बल्ब म्हणजे साधारण तेवढाच भार. एसएमपीएसच्या प्लगमधली हिरवी तार काळीला टेकवून एसएमपीएस चालू करायचा आणि बल्ब एकेक करून जोडायचे. थंड फिलामेंट सुरुवातीला खूप करंट ओढतं, तिन्ही एकदम लावले तर चांगला एसएमपीएससुद्धा बंद पडतो. 12 व्होल्ट 11.4 च्या खाली जाता कामा नये. आमच्याकडच्या शिल्लक मालातले बरेचसे दुसऱ्या बल्बलाच खाली आले. तिसऱ्याला एकाचा वास सुटला, तेव्हा बायकोने मेन स्विच बंद केला आणि म्हणाली, हे आता विकायचे नाहीत.

चवथीच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय महागात पडला. आमचं कोटेशन इतरांपेक्षा दीड हजाराने वर जायला लागलं. एका क्लासवाल्याने दहा कॉम्प्युटर दुसरीकडून घेतले. तो पुढे पस्तावून आमच्याकडे परत आला असता तर गोष्ट छान झाली असती, पण तो आलाच नाही.

गिऱ्हाईकाला आता उलट सांगावं लागतं, की वॅट कमी घ्या. ऑफिसच्या कामाचा, ग्राफिक्स कार्ड नसलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळ शंभर वॅटसुद्धा ओढत नाही. जादा वायर न लागणारं छोटं कार्ड टाकलं तर ते मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट घेतं. म्हणजे खरा 450 वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला, खोट्या 650 चं काम नाही. 80 प्लसचा शिक्का आम्ही बघतो, पण तो विजेची बचत सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. त्यापेक्षा 12 व्होल्टचे अँपिअर, 105 डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे कपॅसिटर आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी बघावी. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवायला सांगतो. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएससुद्धा पूर्ण भारावर जेमतेम सेकंदाचा साठावा भाग तग धरतो, साध्या मोडवरचा इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा होऊ शकतो.

सगळ्यात जास्त तक्रार मात्र वेगळीच येते: "तुमच्या महागड्या एसएमपीएसने हाताला मुंग्या येतात, जुन्याने येत नव्हत्या." बरोबर आहे! जुन्यात फिल्टरच नव्हता. फिल्टरचे कपॅसिटर किंचित करंट कॅबिनेटकडे सोडतात. तो अर्थिंगमधून जमिनीत जायचा. अर्थिंग नसेल तर आपल्या बोटातून जातो. म्हणून आम्ही आधी सॉकेटची तिसरी पिन तपासतो. कधी तार जोडलेलीच नसते, कधी मे महिन्यात चिऱ्याच्या जमिनीतला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला असतो.

कारापूरच्या एका काकूंना त्यात पाणी ओतायला सांगितलं. दोन कळशा ओतल्या, मुंग्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन, "रोज घालायचं काय रे?" म्हटलं, पाऊस लागेपर्यंत तुळशीला घालता ना काकू, तेव्हा तिथेही थोडं घाला.