तुम्ही विचारलंत म्हणून: खात्यांची यादी सरकारी असते का?

मार्च संपत आला की हा प्रश्न येतोच. कधी नवी कंपनी काढलेला एखादा तरुण विचारतो, कधी सोसायटीची खजिनदारकी गळ्यात पडलेल्या काकू. "मॅडम, हिशेबाच्या वहीत उघडायच्या खात्यांची ती सरकारमान्य यादी कुठे मिळते? चुकीच्या नावाने खातं उघडलं तर दंड होतो का?"

दंड होत नाही, कारण अशी यादीच नाही. आपल्याकडे खासगी धंद्याने कोणती खाती उघडावीत आणि त्यांना काय नाव-नंबर द्यावेत, हे ना कंपनी कायद्यात आहे, ना लेखामानकांत. कायद्याचं कलम १२८ सांगतं की वह्या दुहेरी नोंदीच्या हव्यात (म्हणजे प्रत्येक व्यवहार एकीकडे नावे, दुसरीकडे जमा), पैसे हातात पडण्याची वाट न पाहता येणं-देणं तयार झालं की नोंद हवी, आणि त्या ८ वर्षं जपायला हव्यात. अनुसूची ३ ताळेबंदाचा आणि नफा-तोटा पत्रकाचा साचा देते. म्हणजे नैवेद्याच्या ताटात मीठ कुठे, लिंबू कुठे हे ठरलेलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं काय लावायची ते ज्याचं त्याने बघावं.

पण ताट नीट वाढायचं तर डबे वेगळे हवेतच, आणि लोक अडकतात ते इथे. त्याच अनुसूचीत म्हटलंय की खर्चाची किंवा उत्पन्नाची एखादी बाब उलाढालीच्या १ टक्का किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेली, तर ती वेगळी दाखवा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी इतरांपासून वेगळी दाखवा. २०२१ च्या दुरुस्तीपासून येणी-देणी किती जुनी आहेत तेही दाखवा. तुम्ही वर्षभर सगळे पुरवठादार एकाच गटात कोंबले असतील, तर ऑडिटच्या तोंडावर एकेकाला फोन करून "तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवता का हो?" म्हणत बसावं लागतं, कारण कोण सूक्ष्म, कोण लघु ते त्या नोंदणीवरूनच कळतं. मी बसलेय.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे गैरसमज आणखी वाढतो. त्यात कंपनी उघडली की खात्यांचे २८ गट आयते दिसतात, म्हणून लोकांना वाटतं हाच नियम. ती सॉफ्टवेअरवाल्यांनी करून दिलेली सोय आहे. खाती म्हणाल तर सुरुवातीला त्यात दोनच असतात: रोख आणि नफा-तोटा. बाकीची आपणच उघडतो. म्हणून तर एकाच वहीत 'चहापाणी', 'चहा खर्च' आणि 'टी एक्स्पेन्स' गुण्यागोविंदाने नांदतात.

सक्तीची यादी कशी असते ते बघायचं तर फ्रान्सकडे बघावं. तिथला राष्ट्रीय लेखा आराखडा दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये आला, पुढे बदलत गेला. खरेदी-खर्चाची खाती ६ ने सुरू होणार, उत्पन्नाची ७ ने. बँक म्हणजे ५१२, पुरवठादार ४०१. एका गावचा कारकून दुसऱ्या गावच्या वह्या पहिल्याच दिवशी वाचू शकतो. याचा मला मनापासून हेवा वाटतो.

आपल्याकडे अशी शिस्त सरकारने स्वतःला लावून घेतलीय. शासन निर्णयाच्या शेवटी 'हा खर्च अमुक लेखाशीर्षाखाली भागवावा' असं असतं ना, तेच. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य, मग राज्य कुठलंही असो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५० मुळे केंद्राच्या आणि राज्यांच्या हिशेबांचा नमुना कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, सल्ल्याने ठरतो. सोसायटीवाल्या काकूंना सहकारी संस्थांच्या नियमांतला 'एन' नमुना असतो, पण तोही ताळेबंदाचाच. सिंकिंग फंडाचं, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीचं, खातं मात्र वेगळं ठेवा काकू, ते देखभालीच्या पैशांत मिसळू नका.

मी स्वतः या बाबतीत एकदा चांगलीच तोंडावर आपटलेय. जीएसटीच्या आधीची गोष्ट. एका हार्डवेअरच्या दुकानाचं काम मिळालं. हुशारी दाखवायला मी एका मोठ्या कारखान्याची यादी उचलली: चारशेच्या वर खाती, प्रत्येकाला सहा आकडी नंबर. दुकानातल्या दिवाणजींनी दोन महिने मुकाट्याने नंबर शोधले. मग 'किरकोळ खर्च' हे एक खातं पकडलं आणि सगळं त्यात टाकलं. वर्षअखेरीला उघडलं तर आत गोदामाचं भाडं, हमाली, टेम्पोचा विमा आणि मालकांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फेटे! फेटे मालकांच्या उचल खात्याला, म्हणजे त्यांनी घरखर्चासाठी काढलेल्या पैशांच्या खात्याला, नावे टाकले. बाकीचं निस्तरायला चार दिवस लागले.

तेव्हा दिवाणजींनी कपाटातून जुनी लाल खतावणी काढून माझ्यापुढे ठेवली. एक्केचाळीस खाती. हमाली-तोलाई वेगळी, उधारी गावाप्रमाणे लावलेली, धर्मादायसुद्धा होतं. धंदा अख्खा दिसत होता. माझी यादी मी तिथेच फेकली आणि ही टॅलीत चढवली. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कराची खाती वाढवली, कारण भरलेला कर आणि वसूल केलेला कर वेगळा दाखवावा लागतो.

'किरकोळ खर्च' अजून आहे. त्यात पाचशेच्या वरची नोंद टाकायची नाही एवढी अट मी घातलीय. गेल्या महिन्यात बाराशेची एक सापडली. तपशिलात दिवाणजींनी लिहिलं होतं, 'ताई आल्या की सांगतो.'