आमची वाटचाल : निरोगी घोड्याच्या तपासणीकडे

घोड्यांवर उपचार करणाऱ्या आमच्या संस्थेची पहिली तीन वर्षे बहुतांशी रात्रीच्या कामात गेली. फोन यायचा तो पोटशूळ उठलेल्या घोड्यासाठी, नाहीतर सरावावरून तीन पायांवर परतलेल्या घोड्यासाठी. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते, आणि आतड्यात अडथळा येऊन पाणी मागे साठू लागले की त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून पागेत पोहोचल्यावर नाकातून जठरात नळी घालणे हे पहिले काम असायचे. नळीतून आंबूस वासाचे पाणी वाहू लागले आणि मिनिटाला ७० च्या वर गेलेले हृदयाचे ठोके उतरू लागले की साऱ्या पागेचा जीव भांड्यात पडायचा. निरोगी घोड्याचे ठोके विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असतात. त्या आकड्याकडे परत येणाऱ्या घोड्याजवळ स्टेथोस्कोप धरून उभे राहण्यात जे समाधान आहे, ते मला आजही दुसऱ्या कशात सापडलेले नाही.

तरीही तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आमच्या नोंदी पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट टोचू लागली. शर्यतीचे, अडथळ्यांवरून उड्या मारणारे, लांब पल्ल्याचे असे सगळेच स्पर्धेचे घोडे आमच्यापर्यंत पोहोचत होते ते बिघाड पूर्ण झाल्यानंतर. त्याआधीच्या आठवड्यांत त्या घोड्याचे काय चालले होते, याची आमच्याकडे एकही ओळ नव्हती.

त्याच सुमारास घडलेला एक प्रसंग येथे सांगणे भाग आहे, कारण पुढची सगळी दिशा त्यानेच ठरवली. उड्यांच्या स्पर्धेतील एका कुमैत घोड्याच्या मोतद्दाराने, म्हणजे त्याची रोजची देखभाल करणाऱ्या माणसाने, आम्हाला सांगितले होते की, खरारा करताना पुढच्या उजव्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचा भाग, मागच्या बाजूने कोमट लागते, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा थंड होते. आम्ही घोडा दुडकीने पळवून पाहिला, तो सरळ पळाला, सूजही दिसली नाही, आणि आम्ही त्याला कामाची परवानगी दिली. आठ दिवसांनी तो स्पर्धेवरून परतला तेव्हा गुडघ्याखालची मागची रेषा धनुष्यासारखी बाहेर आलेली होती. अल्ट्रासाउंडमध्ये वरच्या, त्वचेलगतच्या कंडरेच्या नेमक्या मध्यभागी काळा डाग दिसला, म्हणजे तिथले तंतू तुटले होते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, इंग्रजीत टेंडन; भरधाव वेगात ही कंडरा आपल्या लांबीच्या १६ टक्क्यांपर्यंत ताणली गेल्याच्या नोंदी आहेत. तुटण्याची मर्यादा त्याहून फार दूर नसते. शिवाय वारंवार ताणले जाताना तिच्या गाभ्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ती भरून येते, पण व्रणाच्या ऊतीने, आणि त्या ऊतीला मूळची लवचीकता नसते. त्या घोड्याला कामावर परत यायला वर्षभर लागले, आणि तो पूर्वीच्या उंचीपर्यंत पुन्हा कधी गेला नाही.

मोतद्दाराच्या तळहाताने जे ओळखले होते, ते आमच्या परवानगीच्या कागदावर आले नव्हते. चूक आमची होती, आणि मालकाला तसे सांगताना मला फार जड गेले. त्या आठवड्यातच आम्ही वह्या छापून घेतल्या. प्रत्येक घोड्याची एक वही, आणि तीत रोज सकाळी काम सुरू होण्याआधी चार गोष्टी लिहायच्या : तापमान, चारही पायांची ऊब व सूज, रात्रीची किती वैरण व चंदी उरली, आणि लीद कशी होती. तापमान ३८.५ अंशांच्या वर गेले किंवा एखादा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, की घोडा बाहेर काढण्याआधी आम्हाला कळवायचे. लिहिणारा मोतद्दारच असावा, मालक किंवा प्रशिक्षक नव्हे, हा आमचा आग्रह होता आणि अजूनही आहे.

वह्या सुरू झाल्या, पण त्यावर संस्था चालेना. घोडा ठणठणीत असताना डॉक्टरला पैसे का द्यायचे, हा मालकांचा प्रश्न अगदी रास्त होता. फेऱ्यांप्रमाणे पैसे घेणारी संस्था घोडे आजारी पडले तरच तगते, ही अडचण आम्हालाही सुटत नव्हती. शेवटी आम्ही दरमहा ठरावीक रकमेचा करार पुढे केला : महिन्यातून एकदा संपूर्ण तपासणी, स्पर्धेआधी व नंतर एकेक फेरी, आणि मधल्या शंकांसाठी वेगळे पैसे नाहीत. दोनच मालक तयार झाले. पहिल्या दीड वर्षात या कराराने आमचा खर्चही भरून निघत नव्हता आणि रात्रीच्या कामावरच पगार निघत होते; पण मोतद्दार निःसंकोच फोन करू लागला, कारण त्या फोनमुळे मालकाचा खर्च वाढणार नव्हता. याच एका गोष्टीने आम्हाला जितके घोडे वेळेवर दाखवले, तितके कोणत्याही यंत्राने दाखवले नसतील.

मासिक तपासणीची सुरुवात आम्ही हाताने करतो. पाय उचलून गुडघा वाकवून धरला की कंडरा सैल पडतात. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये प्रत्येक कंडरा वेगळी धरून वरून खाली बोट बोट सरकत जायचे, आणि नजर घोड्याच्या कानांवर ठेवायची. दुखऱ्या जागी तो पाय ओढण्याआधी कान हलवतो. त्यानंतर खुराच्या वर नाडीचा जोर पाहायचा, पाठीच्या स्नायूंवर हात फिरवायचा, आणि मग कडक जमिनीवर सरळ रेषेत, नंतर वर्तुळात दुडकी. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असल्यामुळे बहुतेक लंगडणे पुढेच सापडते, आणि त्यातले बरेचसे खुरात असते. जागा नक्की करायची तर भूल देण्याचे काम खालून वर करायचे : आधी टाचेजवळची नस बधिर करायची, घोडा पुन्हा पळवायचा, फरक पडला नाही तरच एक पायरी वर. यात अर्धा दिवस जातो. क्ष-किरण आधी काढून मग त्यात दोष शोधत बसण्याची घाई पुष्कळ ठिकाणी दिसते. मला ती घातक वाटते, कारण कामाच्या घोड्याच्या सांध्यात काहीतरी सापडतेच, आणि ते दुखण्याचे कारण असतेच असे नाही.

करारातल्या एका घोडीचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना ती चावायला यायची, भरधाव सोडली की अर्ध्यातच मंदावायची, आणि पागेत तिच्या स्वभावाला नावे ठेवली जात होती. पाय, पाठ, दात, सगळे तपासून झाले. वहीत मात्र आठ आठवड्यांच्या नोंदींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होती : वैरण संपते, चंदी उरते. सोळा तास उपाशी ठेवून तीन मीटर लांबीचा एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचीक नळी, जठरात घातला, तेव्हा वरच्या भागाच्या अस्तरावर लाल, खोल व्रण दिसले. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, चरत नसतानाही. आणि जठराच्या वरच्या भागाला श्लेष्मल संरक्षण नसते. रिकाम्या पोटी धावताना पोटाचे स्नायू आवळले जातात आणि आम्ल त्या उघड्या भागावर उसळते. आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल सुरू केले, चंदी कमी करून वैरण वाढवली, आणि रपेटीच्या अर्धा तास आधी थोडे वाळलेले लसूणघास देण्याची सवय लावली, कारण तो वैरणीचा थर आम्लाला वर येऊ देत नाही. चार आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा अस्तर भरून आले होते. तंग आवळताना ती शांत उभी राहिली, तेव्हा तिच्या मोतद्दाराच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तिच्या स्वभावाची बाजू कित्येक महिने एकट्याने लढवली होती.

रक्ततपासणीच्या बाबतीत आम्हाला शिकायला वेळ लागला. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो आणि उत्तेजित होताच ती आकुंचन पावून तो साठा रक्तात सोडते. विश्रांतीत ३५ ते ४५ टक्के असणारे पेशींचे प्रमाण धावताना ६० च्या वर जाते. त्यामुळे सुईला घाबरलेल्या घोड्याचे रक्त आणि शांत घोड्याचे रक्त यांची तुलनाच होऊ शकत नाही. आता आम्ही रक्त घेतो ते पहाटे, कामाआधी, ओळखीच्या माणसाने लगाम धरलेला असताना. काम झाल्यावर स्नायू आखडून घोडा जागचा हलेनासा होतो त्या विकारात मात्र उलट : स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेझ हे विकर (एन्झाइम) व्यायामानंतर चार ते सहा तासांनी सर्वांत जास्त असते, म्हणून नमुना तेव्हाच घ्यायचा. विश्रांतीच्या दिवशीही पूर्ण चंदी मिळालेल्या घोड्यांत हा विकार पूर्वीपासून ओळखला जातो, आणि सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करण्याचा साधा नियम अजूनही पुष्कळ पागांत पाळला जात नाही.

नालबंद आणि डॉक्टर यांनी एकमेकांच्या पाठीमागे बोलण्याची जुनी रीत आम्ही मोडली, याचा मला मनापासून अभिमान आहे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढचे टोक लांब आणि टाच खचलेली राहिली की पाय जमिनीवरून सुटायला उशीर होतो आणि त्याचा ताण थेट खोल कंडरेवर जातो. दर चार ते सहा आठवड्यांच्या नालबंदीला आमच्यापैकी एक जण क्ष-किरणचित्रे घेऊन हजर राहतो, आणि किती कापायचे ते दोघे मिळून ठरवतात.

श्वासाच्या तपासणीसाठी आम्ही कर्ज काढले. घोडा नाकानेच श्वास घेतो, आणि भरधाव धावताना प्रत्येक ढांगेला एक श्वास असे त्याचे प्रमाण बांधलेले असते. म्हणजे घशात थोडा जरी अडथळा असला तरी त्याला जास्त वेळा श्वास घेऊन भरपाई करता येत नाही. स्वरयंत्राची डावी नस कमकुवत झालेला घोडा उभा असताना पुष्कळदा निर्दोष दिसतो आणि दोष उघड होतो तो पूर्ण वेगात. धावत्या घोड्याच्या नाकात बसवता येणारा एंडोस्कोप घेतल्यावर आमच्या आधीच्या काही निदानांत दुरुस्ती करावी लागली, आणि ती आम्ही संबंधित मालकांना लेखी कळवली. फुप्फुसातील रक्तस्रावासाठी साधा एंडोस्कोप पुरतो, फक्त धावल्यानंतर साधारण तासाभराने पाहायचे असते. नाकातून रक्त येणारे घोडे थोडेच असतात, श्वासनलिकेत रक्त सापडणारे कितीतरी अधिक.

औषधांच्या बाबतीत आमचा एक मोठा ग्राहक तुटला. स्पर्धेच्या तीन दिवस आधी त्याच्या घोड्याला फेनिलब्युटाझोन देण्यास आम्ही नकार दिला होता. ते औषध वेदना झाकते, जठराला व मोठ्या आतड्याला इजा करू शकते, आणि शरीरात बराच काळ सापडते. नियामक संस्था जो शोधकाल, म्हणजे औषध शरीरात किती दिवस सापडते तो काळ, प्रसिद्ध करतात, तो थोड्या घोड्यांवरील चाचण्यांतून आलेला असतो. तेवढेच दिवस थांबले म्हणजे सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यावर किती वाढीव दिवस धरायचे, ही डॉक्टरची जबाबदारी आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या यादीत बंदी असलेली द्रव्ये आणि नियंत्रित औषधे वेगवेगळी नोंदवलेली आहेत, आणि पुष्कळ मालक हा भेद जाणत नाहीत. आज आमच्या प्रत्येक घोड्याच्या वहीत औषधांचे वेगळे पान आहे. मात्रा, वेळ आणि देणाऱ्याची सही असल्याशिवाय मलमाची नळीसुद्धा उघडली जात नाही. तो ग्राहक गेल्यावर वर्षभर ओढाताण झाली, पण त्या पानाबद्दल आमच्यात कधी दुमत झाले नाही.

शल्यगृह आम्ही उभारले नाही, आणि तसा विचारही आता सोडून दिला आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेला भूलतज्ज्ञ, उचलयंत्र, गादीची खोली आणि रात्रंदिवस जागणारी माणसे लागतात. अर्धवट सोयीत ती करणे हा घोड्यावर अन्याय आहे. त्याऐवजी नळी घातलेला घोडा किती वेळात मोठ्या रुग्णालयात पोहोचेल, वाहन कोणाचे, सोबत कोण, संमतीपत्रावर सही कोणाची, हे प्रत्येक पागेसाठी आधीच लिहून दाराच्या आत लावलेले असते.

सध्या आमचे लक्ष दोन वर्षांच्या शिंगरांवर आहे. नळीच्या हाडाची पुढची बाजू वेगाच्या ताणाने दुखू लागणे ही या वयातली नेहमीची तक्रार, आणि हाड ज्या ताणाला तोंड देते त्यालाच जुळवून घेते. म्हणून लांब, संथ रपेटींपेक्षा ठरावीक अंतराने दिलेली छोटी वेगवान धाव त्याला जास्त उपयोगी पडते. विश्रांतीवरून परतणाऱ्या घोड्याचे हाडही तितकेच नाजूक असते, कारण काम थांबताच ते विरळ होऊ लागते. शर्यतीच्या घोड्यांत दंडाच्या हाडाला तडे जाण्याचा काळ पुष्कळदा हाच असतो. प्रशिक्षकांबरोबर बसून आम्ही प्रत्येक शिंगराची वेगवान धाव मीटरमध्ये मोजून वहीत नोंदवू लागलो आहोत, आणि दर सोमवारी सकाळी, काम सुरू होण्याआधी, त्याच्या दोन्ही नळ्यांवरून अंगठा फिरवून त्या आकड्यांशेजारी एकच शब्द लिहिला जातो : थंड, कोमट किंवा दुखरी.