पाद्रीबुवांचा पारा आणि आमच्या माळ्यावरचं बोचकं

परवा लायब्ररीत माझं पेन काढून घेतलं. कोट, बॅग, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल. मी जाम वैतागलो, चोर समजता का काय! अमेरिकेत न्यू हेवनला येऊन दोन वर्षं झाली, येल विद्यापीठाची ती बिनखिडक्यांची संगमरवरी बायनेकी लायब्ररी रोज बाहेरूनच बघायचो. पण नुसतं नाव नोंदवलं आणि मला, एका सॉफ्टवेअरवाल्याला, ना पीएचडी ना कोणाची चिठ्ठी, एझ्रा स्टाइल्सच्या कागदांचा डबा समोर आणून ठेवला की हो! आपल्याकडे आधी साहेब जागेवर हवेत, मग अर्ज, मग 'उद्या या'.

हा स्टाइल्स (१७२७–१७९५) अमेरिकेतल्याच न्यूपोर्ट गावचा पाद्री, १७७८ पासून मरेपर्यंत येलचा प्रेसिडेंट. बुवांना लिहायचं व्यसनच. बेंजामिन फ्रँकलिनने थर्मामीटर दिला तर १७६३ पासून शेवटपर्यंत तापमानाच्या नोंदी. रेशमाचे किडे पाळले तर त्यांची वेगळी वही. चाळिशीत हिब्रू शिकले, आणि १७७३ मध्ये (आपल्याकडे शनिवारवाड्यात 'काका मला वाचवा' चालू होतं तेव्हा) पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉनचे रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) कारिगाल न्यूपोर्टला आले, त्यांच्याशी गट्टी जमवली. १७९४ मध्ये तर कलकत्त्याला संस्कृतचे इंग्रज पंडित सर विल्यम जोन्सना भलंमोठं पत्र, कोचीनच्या ज्यूंकडे जुन्या हिब्रू पोथ्या आहेत का बघा म्हणून. जोन्स त्याच एप्रिलमध्ये वारले.

एवढं जपायला काय आहे हो, पाराच तर आहे! आपल्या पेशवे दफ्तरापुढे बुवांचे डबे कोपऱ्यात मावतील. मोडी वाचणारे किती उरलेत ते मात्र विचारू नका. आमच्याच पणजोबांचं मोडी कागदांचं बोचकं आईने बंबात घातलं. तिला तरी काय बोलणार, कोकणातला पाऊस, वर वाळवी, इथल्यासारखा चोवीस तास एसी कोणाच्या माळ्यावर असतो?

तर असं मनातल्या मनात भांडत बसलो होतो आणि बुवांची दुसरी गोष्ट वाचली. १७५६ मध्ये ह्यांनी आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर १०६ गॅलन रमचं पिंप पाठवलं, बदल्यात साधारण दहा वर्षांचा पोरगा आला. त्याचं नाव ठेवलं न्यूपोर्ट, गावाचंच. १७७८ मध्ये त्याला मोकळं केलं आणि पुढे १७९० मध्ये स्वतः गुलामगिरीविरोधी सोसायटीचे अध्यक्ष झाले. सगळं कागदोपत्री आहे, कोणी बंबात घातलं नाही.

रात्री आईला फोन केला, म्हटलं त्या बोचक्यात होतं काय गं?

"काही नाही रे, कुळांचे हिशेब आणि गहाणखतं," ती म्हणाली.

कोणाकोणाची, ते मी विचारलं नाही. जेवलास का म्हणाली, हो म्हटलं.