श्रेयनामावलीच्या मागावर: या सहामाहीच्या नोंदी

पुढे काय वाचावे आणि काय पाहावे हे ठरवण्यासाठी यंदा मी एकच नियम पाळतो आहे. आवडलेल्या मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, मूळ कादंबरी किंवा पटकथा यांपुढे जे नाव येते, त्या लेखकाचे निदान एक पुस्तक मिळवून वाचायचे आणि तेथून जी वाट फुटेल तिने पुढचा चित्रपट निवडायचा. ओटीटीवरील शिफारशी आपण जे पाहिले त्याच्याच जवळपासचे काहीतरी पुन्हा पुढे करतात; श्रेयनामावलीतील नाव मात्र कधी राजकारणातून थेट महिलाश्रमात, तर कधी डोंगरावरच्या ठाकरवाडीत नेऊन सोडते. आपल्यापैकी बरेच जण याच मार्गाने शोध घेत असल्यामुळे कोठे काय सापडले, ते येथे नोंदवून ठेवतो.

सर्वांत भरघोस फळ ‘सिंहासन’ने दिले. जब्बार पटेल यांचा हा १९७९चा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो. अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागू यांचे विश्वासराव दाभाडे आणि निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस यांच्याविषयी भरभरून बोलणारेही पुष्कळ भेटतात. मात्र या चित्रपटामागे अरुण साधू यांच्या एक नव्हे तर दोन कादंबऱ्या आहेत, हे त्यांतील थोड्यांच्याच ध्यानात असते. एक त्याच नावाची आणि दुसरी ‘मुंबई दिनांक’. विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिताना या दोहोंतील धागे असे विणले आहेत की, शिवण कोठे आहे ते पडद्यावर कळत नाही. त्यामुळे आधी चित्रपट पाहून नंतर दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या, तर कोणता प्रसंग कोठून आला आणि पटकथाकाराने काय बाजूला ठेवले याचा शोध घेणे हाच एक स्वतंत्र आनंद होतो. माझ्या मते दोहोंत ‘मुंबई दिनांक’ अधिक मोठी कादंबरी आहे, कारण तिच्यात सत्तेचा खेळ हा शहराच्या अनेक व्यवहारांपैकी केवळ एक व्यवहार म्हणून येतो आणि खरी नायिका मुंबईच ठरते. साधू स्वतः पत्रकार होते, याची खूण तिच्या पानापानावर जाणवते. ज्यांना राजकीय कादंबरी म्हणजे भाषणबाजी असे वाटते, त्यांनी येथूनच आरंभ करावा.

तेंडुलकरांच्या नावाचा माग दोन दिशांनी गेला. ‘सामना’ (१९७५) त्यांनी थेट पडद्यासाठीच लिहिला असल्याने तेथे मूळ पुस्तकाचा प्रश्न नव्हता. चित्रपट पुन्हा पाहिला आणि तो धागा तेथेच थांबवला. ‘उंबरठा’ने (१९८२) मात्र शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीकडे नेले. स्मिता पाटील यांनी साकारलेली, महिलाश्रमाची अधीक्षक झालेली सुलभा महाजन एवढी ठळक आहे की, तिने मूळ कादंबरीला जवळजवळ झाकून टाकले आहे. चित्रपटाविषयी तासभर बोलू शकणाऱ्या मित्रांना मी कादंबरीचे नाव विचारले, तेव्हा बहुतेकांना ते सांगता आले नाही. ही कादंबरी मला दुकानात मिळाली नाही, जुन्या ग्रंथालयात मिळाली. अशा शोधासाठी पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या संस्थांना पर्याय नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

लेखकाच्या नावाने शोधताना एक सावधगिरी बाळगावी. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) ज्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे, तिचे लेखक नारायण हरी आपटे होत. ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिणारे हरी नारायण आपटे हे त्यांच्या आधीच्या पिढीतील वेगळे लेखक. नावांची ही उलटापालट अनेकांना चकवते, म्हणून ग्रंथालयातील मागणीच्या चिठ्ठीवर केवळ ‘आपटे’ न लिहिता पूर्ण नाव लिहिणे बरे. शांता आपटे यांनी साकारलेली, जरठ विवाहाला, म्हणजे म्हाताऱ्याशी लावलेल्या लग्नाला, नकार देणारी नीरा आजही जुनी वाटत नाही. कादंबरीची भाषा मात्र सवय होईपर्यंत संथपणे वाचावी लागते.

‘जोगवा’ची (२००९) श्रेयनामावली याहून उदार निघाली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांबरोबरच चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेचाही चित्रपटाला आधार आहे. गवसांच्या कादंबऱ्या चित्रपटापेक्षा अधिक कठोर आहेत. तेथे अजय-अतुल यांचे संगीत नसते आणि प्रेमकथेचा दिलासाही फारसा मिळत नाही. यंदाचा माझा खरा शोध मात्र चारुता सागर हाच. दिनकर दत्तात्रय भोसले यांनी या टोपणनावाने लिहिलेल्या कथा मी पूर्वी वाचल्याच नव्हत्या. ‘नागीण’ हा त्यांचा संग्रह वाचून झाला आहे आणि तो कोणालाही बिनदिक्कत सुचवीन.

‘जैत रे जैत’च्या (१९७७) बाबतीत गो. नी. दांडेकर यांची मूळ कादंबरी वाचून झाली. नाग्या आणि चिंधी तेथेही तितकेच जिवंत आहेत, मात्र ठाकर आदिवासींची बोली पडद्यावरच्यापेक्षा कानांत अधिक काळ घुमते. गीतकाराच्या नावामागे जाऊन ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ हाती घेतल्या आहेत. त्या कादंबरीसारख्या सलग वाचण्याच्या नाहीत, त्यामुळे ही नोंद अपुरीच ठेवतो.

पुढील टप्प्यात दिशा उलटी करून पाहणार आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचून मगच अमोल पालेकर यांचा १९९५चा चित्रपट पाहीन. त्या कादंबरीतील माळरान आणि मेंढरे वाचकाच्या मनात आधीच इतकी पक्की उभी असतात की, छायाचित्रकाराचे काम त्यामुळे अवघड होत असावे, असा माझा अंदाज आहे. ज्यांनी दोन्ही याच क्रमाने अनुभवले आहे, त्यांनी चित्रपटाचा शेवट उघड न करता आपले मत अवश्य कळवावे.