भास्कराचार्यांची माकडं

चाळीसगाव तालुक्यात मी दहावीला गणित शिकवतो. वर्गसमीकरणांचं प्रकरण आलं की पोरं आरतीसारखं सूत्र म्हणतात: उणे बी, अधिक-उणे वर्गमुळात बी वर्ग उणे चार ए सी, छेदात दोन ए. शाब्दिक उदाहरणात दोन मुळं काढायची, ऋण असेल ते खोडायचं. वय ऋण नसतं, लांबी ऋण नसते, झालं.

२०२५ मध्ये एके दिवशी पुस्तक मिटून भास्कराचार्यांचं उदाहरण घातलं. आमच्याच तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाची नोंद आहे, म्हणजे माणूस तसा घरचाच. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरतं, त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती?

एकूण माकडं क्ष धरली तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजेच क्ष² − ५५क्ष + २५० = ०. विवेचक, म्हणजे बी वर्ग उणे चार ए सी, काढला: ३०२५ − १००० = २०२५. "सर, चालू साल!" वर्गमूळ ४५. मुळं आली ५० आणि ५.

दोन्ही धन! खोडायला काहीच नाही, म्हणून वर्ग खूश. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र पडताळा घेत बसली होती. "सर, पाचाचा पाचवा भाग एक. एकातून तीन गेले, उणे दोन. उणे दोन माकडं कुठली?"

"गुहेतून दोन बाहेर आली असतील," एक पोरगा म्हणाला. ती चिडली. "वर्ग केला की चार होतात. चार आत, एक फांदीवर, पाच जुळतातच की! पण वर्ग करायला आधी उणे दोन आणायची कुठून?"

मी खडू खाली ठेवला. 'बीजगणित' या आपल्या ग्रंथात भास्कराचार्यांनीही ५ हे उत्तर नेमक्या याच कारणाने नाकारलंय: व्यवहारात ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग बरोबरच आहे ना माझं." कौतुकाची फारशी गरज नव्हती तिला.

घरी करायला त्यांचंच दुसरं उदाहरण दिलं: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं रानात उड्या मारतायत, बारा टेकडीवर. उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाने १६ खोडून आणलं होतं. कारण विचारलं तर म्हणे, "एक तरी खोडावंच लागतं ना, सर?"