बेस गिटार, अकरावा आठवडा: सूर थांबवायला शिकतेय

मागच्या नोंदीत मी शिकवणी प्रोग्रामच्या पाचव्या धड्यात ९६ टक्के मिळाल्याची बढाई मारली होती. ती मागे घेते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुलैत जुना चार तारांचा बेस घेतला (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी). क्लासच्या वेळा जमेनात, म्हणून लॅपटॉपवर नवशिक्यांसाठीचा शिकवणी प्रोग्राम टाकला. टॅब (कुठली तार कुठे दाबायची हे आकड्यांत सांगणारी लिपी) पडद्यावर सरकत येते, आपण वाजवायचं, जमलं तर हिरवं, चुकलं तर लाल. रोज रात्री भांडी आवरली की पंचवीस मिनिटं, हेडफोन लावून.

पहिले तीन आठवडे लिहिण्यासारखे नाहीत. फोड आले, फुटले, घट्टे पडले. फक्त एक गोष्ट लहान हाताच्या मंडळींसाठी. बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे दोन्ही टोकांच्या आधारांमध्ये, ३४ इंच असते, साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेचोवीस-साडेपंचवीस. त्यामुळे पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) चौथ्यापर्यंत १३ सेंटिमीटर भरतात, आणि प्रोग्राम म्हणतो एका फ्रेटला एक बोट. माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा ते ऐकणं सोडलं. डबल बेसवाल्यांची जुनी रीत घेतली: तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी जोडीने. तीनच फ्रेट कव्हर होतात, चौथ्यासाठी हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या पुढे मात्र चार बोटं आरामात बसतात. प्रोग्रामला कुठल्या बोटाने दाबलं ते कळतच नाही, त्यामुळे त्याची काही तक्रार नाही.

मग ई तारेचं गूढ. बाकी तारांवर हिरवं, जाड ई तारेवर सतत 'उशीर'. आठ दिवस मी स्वतःला दोष देत बसले. लहानपणी आरतीला झांजा वाजवलेल्या मला लयीत उशीर? मग तोच धडा एक सप्तक वर वाजवून पाहिला: उघड्या ई ऐवजी डी तारेवरचा दुसरा फ्रेट. सगळं हिरवं! कारण साधं गणित आहे. उघडी ई सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला २४ मिलिसेकंद. सूर कोणता हे ओळखायला प्रोग्रामला निदान एक-दोन कंपनं तरी ऐकावीच लागणार. तेवढ्यात पन्नासेक मिलिसेकंद गेले. सप्तक वर गेलं की हा वेळ निम्मा होतो. त्यात माझ्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) १०२४ सॅम्पलचा होता, सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने आणखी २३ मिलिसेकंद. तो २५६ वर आणला (सहाच्या आत), प्रोग्रामचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं, आणि ई तार सुधारली. पूर्ण नाही. आता खालच्या सुरांवर 'उशीर' आला तर मी आधी मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिकणारं यंत्र) ऐकते, पडदा नंतर बघते.

इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडणारी डबी) वापरत असाल तर त्यावरचं 'इन्स्ट्रुमेंट' बटण दाबलंय ना, एवढं बघा. मी पंधरा दिवस दाबलं नव्हतं. आवाज मेलेला यायचा आणि मी तारांना शिव्या देत होते.

तर ९६ टक्के. त्या आनंदात ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग केलं आणि दादाला पाठवलं. दादा गणपतीपासून लग्नाच्या हळदीपर्यंत ढोलकी-तबला वाजवतो, गिटारशी संबंध शून्य. त्याचं उत्तर आलं, "डग्गा ओला झालाय का गं?"

राग आला. मग हेडफोन काढून स्पीकरवर ऐकलं. खरंच, नुसता चिखल. सूर बरोबर, वेळ बरोबर, पण प्रत्येक सूर पुढच्याच्या अंगावर सांडलेला. ऑडॅसिटीत तरंगाचं चित्र बघितलं तर एकाही सुराची शेपूट तुटत नव्हती. बोट पुढच्या तारेवर गेलं तरी आधीची तार मागे घुमतच होती. हेडफोनवर सोबतच्या ड्रम्सखाली हे सगळं झाकलं जायचं. आणि माझा प्रोग्राम गुण देतो ते सूर सुरू कधी झाला याला. तो संपला कधी, हे त्याच्या हिशोबातच नाही. बेसमध्ये तर निम्मं काम तेच.

म्हणून पाचव्या धड्यावरून पहिल्यावर आले. मिनिटाला ९० ठोक्यांचा वेग ५५ वर. सध्या प्रोग्राम बंद, फक्त मेट्रोनोम, आणि तोंडाने केरवा: धागे नाती नक धिन. पहिल्या चार मात्रा सूर, पुढच्या चार पूर्ण शांतता. 'नक'च्या 'न'वर आवाज कापला गेलाच पाहिजे. ऐकायला बाळबोध वाटतं, करून बघा.

उजव्या हाताला दोन सवयी लावतेय. एक, तार छेडल्यावर बोट हवेत उडवायचं नाही, वरच्या जाड तारेवर टेकवायचं. ए छेडली की बोट ई वर विसावतं आणि ई आपोआप गप्प. दुसरी, अंगठा पिकअपवर (तारांखालचा, आवाज टिपणारा भाग) खिळवून ठेवायचा नाही. ए वर वाजवताना तो ई वर, डी वर गेलं की ई आणि ए दोन्हींवर आडवा. याला फ्लोटिंग थंब म्हणतात. चार दिवस अंगठा कुठे आहे याचं भान ठेवताना बाकी सगळं विसरायला झालं.

हे सगळं जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना. उलट येताना, म्हणजे जी वरून डी वर, मागे राहिलेल्या जीला उजव्या हाताचं काही पोचत नाही. तिला डाव्या हाताच्या बोटांची खालची बाजू हलकेच टेकवून गप्प करायचं. दाबलं की फ्रेटचा आवाज, कमी टेकलं की शिट्टीसारखा हार्मोनिक. माझं घोडं सध्या इथे अडलंय.

मधे एक पळवाट सापडली होती. फेंडरच्या जुन्या बेसना ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असायचा, आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन तो तसाच ठेवून, एकट्या तर्जनीने वाजवायचा. मी भांड्यांच्या स्पंजची नवी पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवली. काय आवाज आला! गोल, ठसठशीत, जुन्या रेकॉर्डसारखा. शेपट्या सगळ्या गायब. दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी स्पंज काढला तर चिखल जिथल्या तिथे, कारण हात काहीच शिकले नव्हते. पट्टी आता केसमध्ये आहे. रेकॉर्डिंगला वापरेन, सरावाला नाही.

काल पुन्हा प्रोग्राम लावून तोच पाचवा धडा वाजवला. ८८ टक्के. अंगठ्याच्या नादात तीन जागा चुकल्या. पण रेकॉर्डिंगमध्ये सुरांच्या मधे पांढऱ्या फटी दिसायला लागल्यात, डी-ए-ई या उतरत्या ओळीत सोडून. तेही दादाला पाठवलंय. अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत.